ऐकायची खोली

शांतपणे ऐकणं ही मानवी संस्कृतीची शेवटची पायरी आहे, असं माझं मत आहे. लातुरात या पायरीवर पोचायला सात पोती कापूस लागतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. पुस्तकात ध्वनी नावाचा एक धडा आहे. तो आम्ही भराभर उरकतो, कारण पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, याला मार्क किती?" त्यामुळे ध्वनीवरचं माझं प्रेम वर्गात कामी आलं नाही, ते घरी आलं. आधी साधा डेक होता. त्याच्या जागी चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणला, तेव्हा स्पीकर वाईट आहेत हे कळलं. स्पीकर बदलले, तेव्हा रेकॉर्ड प्लेयरची सुई भोंगळ आहे हे कळलं. सुई बदलली. मग काचेच्या व्हॉल्व्हचा, चुलीसारखा तापणारा दुसरा अ‍ॅम्प्लिफायर आणला. तो आल्यावर कळलं की घरच वाईट आहे. घर बदलता येत नव्हतं. ते हिच्या नावावर आहे.

खरं तर दोष घराचा नव्हता, गल्लीचा होता. आमच्या गल्लीत माणसं राहत नाहीत, अभ्यासिका राहतात. चाकूर, रेणापूर, पार किनवटकडची पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि कानात बोळे घालून बसतात. एका दुपारी इस्लापूरची एक माउली दारात येऊन उभी राहिली.

"सर, तुमच्या ढोलकीपाई माझ्या लेकराचं बायलॉजी जाऊन राहिलं."

"ती ढोलकी नाही, पखवाज आहे," मी म्हणालो.

"पेपरात इचारणार हाईत का त्याच्यावर?"

पखवाज अभ्यासक्रमात नव्हता. म्हणून मी मागची धान्याची खोली रिकामी केली, ज्वारीची पोती जिन्याखाली सरकवली आणि गोलाईच्या बाजाराजवळच्या पाशामियाँला बोलावलं. पाशामियाँचं गाद्या-रजयांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. त्यांनी खोलीत उभं राहून चारी भिंती न्याहाळल्या.

"सर, गादी झोपाया असती. ही भित कवा झोपून राहिली?"

"आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावायच्या आहेत."

"कोणाचा आवाज?"

"गाण्याचा."

त्यांनी विचार केला. "वहिनीसायबाला इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. पाशामियाँनी चारी भिंतींना, छताला आणि दाराला आतून-बाहेरून जाड गाद्या ठोकून टाके घातले. कापूस कमी पडला तेव्हा घरातल्या पाहुण्यांच्या गाद्या उसवून त्यात भरल्या. खिडकी विटांनी बुजवली. पंखा घरघरतो म्हणून काढला. मोबाईलची टिकटिक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरते म्हणून दाराबाहेर एक टोपली ठेवली. आत जाणाऱ्यानं आपला फोन त्यात टाकायचा. एवढं केल्यावर खोलीत फक्त एकच दोष उरला. खर्जातला एक सूर लागला की कुठंतरी बारीक कर्रर वाजायचं. मी भिंतींना कान लावून हिंडलो. शेवटी सापडलं. दाराचं आतलं हँडल कंप पावत होतं.

मी ते काढून किचनच्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

आता दार लागलं की खटका बसे आणि तो फक्त बाहेरून उघडे. म्हणून मी ऐकायला बसलो की फटीत वरवंटा ठेवत असे. त्या फटीतून थोडा आवाज बाहेर जाई. त्यावर उपाय शोधणं चालू होतं.

अशात तनुजाचं ठरायची वेळ आली. तनुजा आमची एकुलती एक. पुण्याला नोकरी करते. मुलगा उदगीरचा, चन्नवीर. तोही पुण्याला नोकरी करतो, त्याच कंपनीत, त्याच मजल्यावर. दोघं दोन वर्षं एका टेबलावर डबा खात होते आणि आता एकमेकांना बघायला लातूरला येणार होते. रीत ती रीत.

आदल्या दिवशी तनुजा माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, एकच मागते. उद्या मशीन नाही."

"मी कशाला..."

"प्रज्ञाताईच्या वेळेस काय झालं?"

प्रज्ञा माझी पुतणी. तिला नांदेडचं स्थळ आलं होतं आणि कार्यक्रम आमच्याच घरी होता. मी पाहुण्यांना रेकॉर्डची एक बाजू ऐकवली. मग दुसरी. तिसरी रेकॉर्ड पुसत होतो तेव्हा ते म्हणाले, आमची गाडी आहे. नांदेडला त्या वेळी कुठलीच गाडी नसते, हे मी मागाहून टाइमटेबलात बघितलं.

"माझं आयुष्य आहे हे," तनुजा म्हणाली. "तुम्ही दोघं बापलोक नीट बोललात की झालं. बाकी सगळं झालेलंच आहे."

मी शपथ घेतली. ही म्हणाली, त्या खोलीला कुलूपच घालते. मला ते अपमानास्पद वाटलं. मी म्हणालो, माझ्यावर एवढाही विश्वास नाही का. तिनं कुलूप घातलं नाही. त्याचं वाईट मला नंतर वाटलं.

मे महिना होता. पाहुणे अकराच्या उन्हात आले. चन्नवीर, त्याचे वडील मडिवाळप्पा आणि आजी साखराबाई. चन्नवीरची आई नाही. त्या घरात शब्द चालतो तो आजीचा. मडिवाळप्पांची उदगीरला डाळमिल आहे. मिलवाल्या माणसाचा आवाज मोठा असतो हे मला माहीत होतं, पण त्यांनी उंबऱ्यातून, लिंगायतांच्या रिवाजानं नमस्कार म्हणून, "शरणार्थी सर" म्हटलं तेव्हा समोरच्या अभ्यासिकेची खिडकी लागली.

आम्ही त्यांना सतरंजीवर बसवलं. गाद्या कुठं होत्या ते मी सांगितलंच आहे. पोहे झाले, सरबत झालं. तनुजा आणि चन्नवीर यांची ओळख करून देण्यात आली. दोघांनी एकमेकांना शिक्षण विचारलं.

मग बसायची वेळ आली. बसायचं म्हणजे काय, ते सांगतो. आमच्यात देणं-घेणं नसतं. दोन्ही घरांनी तसं फोनवर आधीच बजावून सांगितलेलं असतं. म्हणूनच त्याबद्दल बोलायला बंद खोली लागते. दोन्ही बाप आत जातात, दार लागतं आणि ते आपण होऊन बाहेर येईपर्यंत कुणी दार वाजवत नाही, चहासुद्धा जात नाही. मधेच दार उघडलं आणि लग्न मोडलं, तर ते उघडणारीचं नाव दोन पिढ्या निघतं.

मडिवाळप्पा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "चला सर, आपण जरा बसू."

मी बेडरूमकडे हात केला. ते विरुद्ध बाजूला वळले, गादी ठोकलेल्या दारासमोर थांबले आणि ते बोटानं दाबून बघितलं.

"येन री हे?" कानडी मुलखाच्या कडेचा माणूस, नवल वाटलं की कानडीत विचारतो.

मी तनुजाकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"धान्याची खोली," मी म्हणालो. एके काळी ते खरं होतं.

"मंग बरं हाय. थंड असंल." ते आत शिरले. मी सवयीनं त्यांचा फोन मागून घेतला, दोघांचे फोन टोपलीत टाकले आणि वरवंटा फटीत सरकवून त्यांच्या मागोमाग आत गेलो. मडिवाळप्पांनी मागं वळून बघितलं. पायानं वरवंटा बाहेर ढकलला आणि दार घट्ट ओढून घेतलं.

"बायका कान लावून राहत्यात," ते म्हणाले.

खटका बसला. त्या खोलीत एवढा स्वच्छ आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

मुलाच्या बापाला, तेही पहिल्या भेटीत, आपण कोंडले गेलो आहोत हे कसं सांगावं, याची आमच्या रीतीत सोय नाही. मी हसलो. तेही हसले. आम्ही दोन खुर्च्यांवर बसलो. कुणीतरी पाणी घेऊन येईल असं मला वाटलं, आणि लगेच आठवलं की येणार नाही.

"हे काय पेटीवानी?" त्यांनी स्पीकरकडे बोट केलं.

"ऐकायचं मशीन," मी वर्गातल्या मोठ्या आवाजात म्हणालो.

"वाजवून तर दाखवा."

शपथ तर बाहेर घेतली होती, असा मी विचार केला. शिवाय वेळ काढायचा होता. व्हॉल्व्ह तापू दिले, सारंगीची रेकॉर्ड लावली आणि सुई टेकवली. सारंगी अशी उठली की तारेवर गज कुठं वळतोय ते डोळ्याला दिसावं.

मडिवाळप्पा वाट बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चालू कवा होणार?"

मी आवाज वाढवला.

"आता?"

आणखी वाढवला. माझ्या शर्टाच्या बाह्या हलायला लागल्या.

"हाव," ते म्हणाले. "आता येऊन राहिलं. बारीक हाय, पर हाय."

तेवढ्यात लाईट गेली. दिवा गेला, सारंगी एकदा लांब कण्हून थांबली आणि व्हॉल्व्हची लाल तार हळूहळू विझत गेली. ती विझल्यावर काहीच दिसेना.

"उघडा दार," मडिवाळप्पा म्हणाले.

"उघडत नाही."

"म्हंजे?"

"आतून हँडल नाही."

"कुठं हाय?"

"किचनच्या ड्रॉवरमध्ये."

"काहून?"

"कंप पावत होतं."

अंधारात ते चाचपडत दारापाशी गेले. मग त्यांनी हाक मारली. मी माणसाच्या गळ्यातून असा आवाज कधी ऐकला नव्हता. चाळीस वर्षं चालू मशीनच्या वर हाक मारणारा माणूस तो. हाक भिंतीपर्यंत गेली आणि तिथं निजली. पाशामियाँचं काम चोख होतं. मग त्यांनी दारावर बुक्क्या मारल्या. गादीवर बुक्की मारल्यावर जेवढा आवाज येतो तेवढा आला.

"त्यांना ऐकू जाणार नाही," मी म्हणालो. "त्यासाठीच केलंय."

मे महिन्यातलं लातूर, बिनखिडकीची खोली, चारी बाजूंनी कापूस आणि मधोमध नुकताच तापवलेला अ‍ॅम्प्लिफायर. घाम मानेवरून पाठीत, पाठीतून खुर्चीत उतरत होता. मी शर्टाची वरची बटणं काढली. त्यांनी फेटा काढल्याचा आवाज आला. त्या खोलीत फेटा काढल्याचाही आवाज येतो. इतर वेळी मला त्याचा अभिमान वाटला असता.

"सर," थोड्या वेळानं ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज लहान होता. "हे कानात काय वाजून राहिलं? शिट्टीवानी."

"ते बाहेरचं नाही. तुमच्या कानातलंच आहे. मिलमुळं होतं तसं. एरवी गलबल्यात कळत नाही."

"रोज असती ही शिट्टी?"

"रोजच असणार."

"मंग मला कशाला दाखवली?" ते म्हणाले. "चांगला होतो की मी."

मी दोष त्यांच्या कानाचा आहे, खोलीचा नाही, हे शास्त्रीय पद्धतीनं समजावून सांगितलं. तिथं चुकलं. मुलाच्या बापाला त्याच्यातला दोष समजावून सांगू नये.

"म्हंजे मी बहिरा?"

"बहिरे नाही. कमी ऐकू येतं."

"आन् तुम्ही शहाणे. पाहुण्याला सतरंजीवर बशिवता आन् भितीला गाद्या घालता."

"तो वेगळा विषय आहे."

"एकच विषय हाय. बायोडाट्यात लिवलं न्हवतं, पोरीचा बाप असा हाय म्हणून."

"तुमच्याही बायोडाट्यात कानाचं नव्हतं."

"आमच्यात कुणाला न्हाई असलं."

"आमच्यात आहे म्हणता?"

"बघून तर राहिलो."

पुढचं सगळं लिहीत नाही. मी डाळमिलबद्दल बोललो, ते मास्तर लोकांबद्दल बोलले. मी उदगीरबद्दल बोललो, ते लातूरच्या पाण्याबद्दल बोलले. अंधारात माणसाचा चेहरा दिसत नाही, त्यामुळं थांबायचं कुठं ते कळत नाही. शेवटी ते उभे राहिले. खुर्ची पडली.

"हे लगीन होणं न्हाई."

"नाही," मी म्हणालो.

"ठरलं."

"ठरलं."

आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. बाकी असं ठरल्यावर माणूस ताडकन निघून जातो. मडिवाळप्पा दारापर्यंत गेले, गादीला धडकले, परत आले आणि चाचपडत खुर्ची उचलून तिच्यावर बसले.

मग शांतता पसरली. मी इतकी वर्षं, इतका कापूस घालून जी मिळवत होतो, ती अगदी तीच. तिच्यात मला माझ्या छातीचे ठोके ऐकू येत होते आणि त्यांच्या घशाची कोरड ऐकू येत होती. तनुजानं एकच मागितलं होतं. बाकी सगळं झालेलंच आहे, म्हणाली होती. राहिलं होतं तेवढं मी मोडून ठेवलं होतं आणि ती दाराच्या पलीकडं, चार पावलांवर, चन्नवीरला शिक्षण विचारत असेल. मला ते तिला सांगताही येत नव्हतं. या खोलीतून काहीच बाहेर जात नव्हतं.

बराच वेळ गेला. मी म्हणालो, "मडिवाळप्पा."

"काय."

"हे मशीन तुम्ही घेऊन जा."

"कुठं?"

"उदगीरला. तुम्हाला. रुखवतात ठेवतो."

"आत्ता तर म्हणून राहिले, ऐकू येत न्हाई मला."

"मोठ्यानं लावलं की येतं. तुम्हीच म्हणालात, बारीक येतं."

मी पुढं म्हणालो, "चुकलं माझं. पोरांचं त्यात काही नाही. गाद्यांचंही चुकलं."

एवढं बोलताना मी त्या मशीनच्या बाजूला हात टेकवून बसलो होतो. ते अजून ऊबदार होतं.

"टीव्हीला जोडता येतं का हे?" मडिवाळप्पांनी विचारलं.

मला वाटतं, त्या दिवशी माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड वाक्य मी तिथं बोललो. "येतं."

"मंग बघू," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्याकून बी बोलणं जरा जास्त झालं."

आम्ही अंधारात हात मिळवायला गेलो. पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा मिळाले.

आणि दार उघडलं.

दारात ही उभी होती, हातात पेढ्यांचं ताट. मागं उजेड इतका होता की आमचे डोळे पाण्यानं भरले. आम्ही काही बोलायच्या आत तिनं एक पेढा माझ्या तोंडात आणि एक मडिवाळप्पांच्या तोंडात कोंबला.

"अगं बाई, दोघं बी रडले," बाहेरून साखराबाई म्हणाल्या.

सतरंजीवर तनुजा बसली होती, कपाळाला ठसठशीत कुंकू, ओटीत नारळ. समोर फुटलेली सुपारी. शेजारची दोन घरं येऊन बसलेली. चहाचे कप रिकामे होते.

"कधी झालं हे?" मी पेढ्यातून विचारलं.

"तुम्ही आत गेल्या गेल्या," ही म्हणाली. "लाईटसुद्धा जायची होती अजून."

"अन् आम्हाला?"

उत्तर साखराबाईंनी दिलं. "पोरं एका हापिसात हाईत, मला ठावं न्हाई का? मी काय आंधळी हाय? म्हटलं, बापलोकांला आत बसू द्या. भांडायचं ते आतच भांडून घेतील. आपुन ओटी भरून घिऊ."

मी हिच्याकडे बघितलं. ती ताट सावरत होती. एवढं उघडपणे शांत मी तिला फार दिवसांनी बघत होतो.

मी मडिवाळप्पांच्या कोपराला हात लावला. आत बोललेलं आतच राहू द्या, असं मला म्हणायचं होतं. मी ते हळू म्हटलं. हळू म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही, हे मला एकट्याला माहीत होतं आणि मीच विसरलो.

"आई," ते समोरच्या अभ्यासिकेलाही कळेल अशा आवाजात म्हणाले, "सरांनी मशीन दिलं आपल्याला. सोताहून दिलं."

घर थांबलं. तनुजा उठली, तिच्या ओटीतला नारळ घरंगळला, आणि तिनं येऊन मला मिठी मारली. "बाबा," ती म्हणाली, "माझ्यासाठी?"

त्यानंतर ते परत मागायला वाट उरली नाही.

पावसाळ्याआधी लग्न झालं. पाशामियाँ येऊन भिंतींचे टाके उसवून गेले. वऱ्हाडाला झोपायला गाद्या लागणार होत्या. "आता कसं," एक गादी झटकत ते म्हणाले, "आता झोपतीन." रुखवतात मशीन मधोमध होतं, एका बाजूला करंज्यांचा किल्ला, दुसऱ्या बाजूला क्रोशाची बदकं. लोक येऊन व्हॉल्व्ह बघून जात. एकीनं विचारलं, दूध तापवायचं आहे का.

परवा उदगीरला जाऊन आलो. मशीन बैठकीत आहे, टीव्हीला जोडलेलं. मडिवाळप्पा दुपारी त्यावर तुरीचे भाव ऐकतात. कानातली शिट्टी त्यात बुडून जाते म्हणाले. दोनपैकी एकच स्पीकर जोडलेला आहे. दुसऱ्यावर फुलदाणी आहे.